वॉरंटी उठली, गाडी बसली!

ईएमआय संपल्याचे पेढे वाटून दोन महिने होत नाहीत, तोच इंजिनाने मान टाकली. गॅरेज, एस्टिमेट, इन्शुरन्स आणि बाबांचा फीलर गेज यांच्यात गेलेल्या सात आठवड्यांची ही गोष्ट.

तुमच्या मोबाइलमध्ये किती जीबी आहेत, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर थर्मामीटरसारखं दिसणारं जे छोटंसं चित्र आहे, ते लाल झालं तर काय करायचं असतं? मला विचाराल तर मार्च २०२५ च्या त्या शुक्रवारपर्यंत माझं उत्तर होतं, 'घरी पोचल्यावर बघू.' हे उत्तर मला ९१ हजार ३०० रुपयांना पडलं.

दादरला एक मुलाखत आटोपून मी एकटीच नाशिकला परतत होते. कसारा घाटात नेहमीप्रमाणे ट्रकच्या मागे सेकंड-थर्ड, सेकंड-थर्ड चाललं होतं, एसी फुल होता. (हा चढ रेल्वेलासुद्धा एकटीला झेपत नाही. ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. माझ्या मागे कोण लावणार?) इगतपुरी गेलं, घोटीचा टोल गेला, आणि मग तो दिवा लागला. लालभडक. सोबत एक 'टिंग'.

मी काय केलं? एसी बंद केला. काच खाली केली. गणपतीचं नाव घेतलं. घरी पोचायला पाऊण तास उरला होता, अंधार पडला होता आणि हायवेवर एकट्या मुलीने गाडी थांबवायची नाही, हे आईने मनावर इतकं कोरून ठेवलंय की दुसरा विचारच आला नाही. आणि गंमत बघा, वाडीवऱ्ह्याच्या आसपास तो दिवा चक्क विझला! मी एवढी खूश झाले, की एफएमचा आवाज वाढवला. विल्होळीच्या अलीकडे गाडीची ताकद गेली. जळक्या गुळासारखा गोड वास आला. बॉनेटखाली कुणीतरी हातोडीने ठोकतंय असा आवाज झाला आणि नंतर काहीच आवाज झाला नाही. चावी फिरवली तर नुसतं 'टक्'.

आपल्या मराठी मिस्त्रींनी या प्रकाराला फार नेमका शब्द ठेवलाय. इंजिन 'बसलं'. लग्नाच्या पंगतीतला म्हातारा बसावा तसं. आता चार जणांनी धरून उठवल्याशिवाय उठत नाही.

बाबांना कसं सांगू?

गाडी बाबांच्या नावावर आहे. बाबा मायकोतून रिटायर झाले. नाशिककरांना मायको म्हणजे काय ते सांगायला नको. कंपनीची पाटी कधीच बॉशची झाली, पण सर्कल अजून मायको सर्कलच आहे. डिझेल इंजिनांची नोझलं बनवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली आणि स्वतःची पहिली गाडी मात्र त्यांनी साठीला आल्यावर घेतली. जानेवारी २०२० मध्ये. ग्रॅच्युइटीतले तीन लाख त्यांनी घातले, चार लाखांचं कर्ज माझ्या नावावर. नवी कोरी पेट्रोल हॅचबॅक. दोन महिन्यांत लॉकडाउन लागलं. त्या काळात बाबा रोज संध्याकाळी खाली जाऊन दहा मिनिटं ती सुरू करून ठेवायचे आणि बाजूला उभे राहून आवाज ऐकायचे.

तर या माणसाला मी फोनवर काय सांगितलं? 'गाडी पाथर्डी फाट्याला मैत्रिणीकडे ठेवलीय, पार्टी आहे, उद्या आणते.' वय वर्षं अठ्ठावीस, आणि थाप मात्र दहावीतली.

इन्शुरन्ससोबत रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन होतं, म्हणून गाडी उचलायला ट्रक फुकटात आला. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी पुढच्या रिन्यूअलला घ्या. काही शेकड्यांत मिळतं आणि रात्री साडेआठला हायवेवर त्याची किंमत कळते. गाडी आमच्या नेहमीच्या ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरच्या दारात उतरवली, मी रिक्षाने घरी आले.

दोन दिवस मी थाप टिकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. फास्टॅगचा मेसेज होता. घोटी टोल, सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटं.

'घोटीपर्यंत आली. पुढे काय झालं ते तू सांगतेस, की मी विल्होळीपासून गॅरेजं विचारत येऊ?'

मी सगळं सांगितलं. लाल दिव्याचंही. बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, 'दिवा विझला तेव्हा तुला बरं वाटलं असेल.' मला हुंदकाच आला.

तो दिवा विझला कसा?

इथे थोडं सायन्स, पण कंटाळू नका. इंजिनात पेट्रोल जळतं, त्या उष्णतेचा मोठा भाग गाडी चालवण्याच्या कामी येतच नाही. तो बाहेर काढायला कूलंट नावाचं रंगीत पाणी इंजिनभर फिरतं आणि रेडिएटरमध्ये येऊन गार होतं. ही सगळी यंत्रणा बंदिस्त आणि दाबाखाली असते. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच. (म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. तोंडावर वाफ येते.) एखादा पाइप फुटला की दाब जातो, कूलंट उकळतं आणि उडून जातं.

आणि तो दिवा? त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. तो पाण्याचं तापमान सांगतो, इंजिनाचं नाही. पाणीच संपलं की सेन्सर नुसत्या हवेत लटकतो आणि बऱ्याचदा आकडा खाली दाखवतो. म्हणजे मी एफएम लावून खूश झाले, तेव्हा माझं इंजिन पूर्ण कोरडं पडलेलं होतं. पूर्वीच्या गाड्यांना निदान काटा तरी असायचा, चढताना दिसायचा. आता बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा काढून टाकलाय. सकाळी निळा दिवा, आणि मग थेट लाल. मधलं काही नाही.

कोरड्या इंजिनाचं पुढे काय होतं हे मला नंतर गॅरेजमध्ये कळलं. वरचं हेड ॲल्युमिनियमचं, ते तापलं की वाकतं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट उडतं. उरलंसुरलं पाणी ऑइलमध्ये जातं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं आणि वंगणाचं काम करत नाही. मग बेअरिंग क्रँकला चिकटतात. हे सगळं घडायला घोटी ते विल्होळी एवढं अंतर पुरतं. दिवा लागल्याबरोबर गाडी बाजूला घेऊन बंद केली असती, तर कदाचित दोन-तीन हजारांत भागलं असतं. हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. आमचं मॅन्युअल पाच वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, ग्लव्ह बॉक्समध्ये, अगदी जसंच्या तसं होतं.

एक लाख चौऱ्याहत्तर हजार सहाशे

हा सर्व्हिस सेंटरचा आकडा. एसी केबिन, काचेचं टेबल, कॉफी. ॲडव्हायझर माझ्याच वयाचा, अत्यंत नम्र. 'मॅम, शॉर्ट ब्लॉक आणि हेड असेंब्ली रिप्लेस करावी लागेल. वॉरंटी तीन वर्षांची होती, आता सव्वापाच झालीत. एक्स्टेंडेड आपण घेतलेली नाही.' खरंच घेतली नव्हती. २०२० मध्ये गाडी घेताना फॉर्म समोर आला होता, आणि आम्ही त्या पैशांत सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम घेतली. सीट कव्हर अजून छान आहेत.

शिवाय हा आकडा अंदाजे. नक्की सांगायचं तर इंजिन खोलावं लागेल, खोलायचे साडेबारा हजार, काम तिथे केलं नाही तर ते परत नाहीत. आणि वर एक वाक्य, अगदी हळू आवाजात : 'मॅम, हे कस्टमर नेग्लिजन्समध्ये येतं.'

चालू स्थितीतल्या माझ्या गाडीची किंमत तेव्हा पावणेचार लाखांच्या आसपास होती. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आहे तशी दाखवली, तो म्हणाला एक लाख पंधरा. म्हणजे पावणेदोन लाख खर्चून पावणेचारची गाडी वाचवायची, की सव्वा लाखाच्या आत सोडून द्यायची? फ्रीलान्सरच्या खात्यात पावणेदोन लाख नसतात. माझ्या खात्यात तेव्हा ६२ हजार होते आणि दोन मासिकांकडून यायचे पैसे 'प्रोसेसमध्ये' होते. (फ्रीलान्सर मित्रमैत्रिणींना या शब्दाचा अर्थ माहीत आहे.)

इन्शुरन्सवाल्यांना फोन केला. उत्तर अपेक्षितच होतं, पण ते का येतं ते समजून घ्या. आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, ती पॉलिसी अपघात, चोरी, आग, पूर अशा गोष्टींसाठी असते. यंत्राचा आपोआप झालेला बिघाड आणि झीज त्यातून स्पष्टपणे वगळलेली असते. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं एक ॲड-ऑन असतं, ते पावसाच्या पाण्यात गाडी अडकून इंजिनात पाणी शिरलं तर उपयोगी पडतं. पण त्यातही गाडी तापलेली असताना पुढे हाकली असेल तर दावा टिकणं कठीण. थोडक्यात, वॉरंटी संपलेल्या गाडीचं इंजिन बसलं, तर वारस तुम्हीच.

एक लिटर कूलंट

त्या रात्री बाबांनी सर्व्हिसची फाइल काढली. मायकोत घालवलेल्या आयुष्याची शिस्त, पाच वर्षांतलं प्रत्येक बिल तारखेनुसार पंच करून लावलेलं. मी चिडचिड करत होते, आता ही बिलं बघून काय होणार म्हणून. बाबा चष्मा वर करून एक एक ओळ वाचत होते. जानेवारी २०२५ च्या बिलावर ते थांबले.

'हे बघ. कूलंट, एक लिटर.'

'मग?'

'अगं, बंद यंत्रणा आहे ती. वर्षभरात कपभर कमी झालं तर झालं. एक लिटर गेलं कुठे? हे त्यांनी विचारायला नको? नुसतं भरलं आणि बिल लावलं.'

म्हणजे गळती जानेवारीतच होती. ज्यांनी पाहायची त्यांनी वरून पाणी घातलं आणि गाडी धुऊन, परफ्यूम मारून परत दिली. ६ हजार ८४० रुपयांच्या बिलावर खाली शिक्काही होता, सगळं तपासलं असल्याचा. मला एकदम जोर चढला. पण बाबांनी लगेच हवाही काढली : 'त्यांनी बघितलं नाही आणि तू थांबली नाहीस. दोन्ही खरं आहे.'

माझी एक कॉलेजमैत्रीण वकील आहे. तिने पहिल्याच फोनवर तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या सोन्याच्या होत्या. गाडी उघडायच्या आधी सेंटरला लेखी कळव आणि हजर राहायला सांग. उघडताना पहिल्या बोल्टपासून व्हिडिओ घे. काढलेला एकही पार्ट भंगारात जाऊ देऊ नकोस. कारण ग्राहक आयोगापुढे 'मला वाटतं' चालत नाही, बिघाड कशाने झाला ते दाखवावं लागतं आणि ते दाखवणारं सामान गॅरेजच्या कोपऱ्यातून दुसऱ्या दिवशी गायब झालेलं असतं.

कायद्याचा भाग तिने सांगितला तो असा. वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची पार्ट बदलून देण्याची हमी संपली. पण तुम्ही पैसे मोजून जी सर्व्हिस घेतली, ती नीट असण्याचा हक्क वॉरंटीवर अवलंबून नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात 'सेवेतील त्रुटी' हे तक्रारीचं स्वतंत्र कारण आहे. तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकता येते.

मात्र ती स्वप्नं दाखवणारी वकील नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या एका निकालाचा तिने दाखला दिला. मारुतीच्या त्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, तर पूर्ण गाडी बदलून मागता येणार नाही. दुसरं प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं. तिथल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ ची म्हणून २००९ ची गाडी विकली होती. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीला त्या प्रकाराची माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय डीलरच्या चुकीसाठी कंपनीला धरता येत नाही. म्हणजे शोरूमवर कंपनीचा बोर्ड केवढाही मोठा असो, भांडण कोणाशी आहे हे आधी ठरवा.

वडाळा नाका, एक फीलर गेज

गाडी सेंटरमधून उचलून आम्ही वडाळा नाक्याच्या एका गॅरेजला नेली. त्याआधी पर्याय चाळून झाले होते. कुणी म्हणालं, कुर्ल्याच्या मार्केटमधून अख्खं जुनं इंजिन आण, पंचेचाळीस हजारांत काम तमाम. ऐकायला झक्कास. पण इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी घ्या, नव्या नंबरची नोंद करा, इन्शुरन्समध्ये बदल करा. ते जुनं इंजिन कुठल्या गाडीतून निघालं याचे कागद नसतील, तर पेठ रोडच्या आरटीओत तुम्ही काय सांगणार? चोरीच्या गाडीचं निघालं तर? बाबांनी तो विषय एका वाक्यात संपवला : 'ज्याचा जन्मदाखला नाही ते घरात आणायचं नाही.'

गॅरेज कसलं, पत्र्याची शेड. मालकाला सगळे चाचा म्हणतात. वय पासष्टच्या पुढे, पांढरी दाढी, कानाला पेन्सिल. सेंटरला आम्ही हजर राहायचं पत्र पाठवलं होतं, दिलेल्या वेळेला कोणीही आलं नाही. मी मोबाइल स्टँडवर लावला आणि काम सुरू झालं.

अर्ध्या तासात चोर सापडला. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर, त्याला जोडापाशी चीर. आणि चिरेखाली ब्लॉकवर गुलाबी-पांढरे ओघळ, वाळून खडूसारखे झालेले. चाचांनी नखाने खरवडून दाखवलं. 'ताई, हे एका दिवसाचं नाही. महिनोन् महिने थेंब थेंब गळत होतं. घाटात प्रेशर वाढलं, फाटलं.' मी विचारलं, मग दिवा विझला तो? चाचा हसले. 'दिवा विझला म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही, ताई. पेशंट बेशुद्ध झाला.'

हेड काढून टेबलावर ठेवल्यावर बाबांनी शबनम पिशवी उघडली. आतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक पोलादी सरळपट्टी आणि फीलर गेज निघाला. फीलर गेज म्हणजे चाकूच्या पात्यांसारखी पातळ पट्ट्यांची जुडी, प्रत्येकीवर जाडी लिहिलेली. सरळपट्टी हेडवर आडवी ठेवायची आणि खालच्या फटीत कोणती पट्टी शिरते ते बघायचं. अशा हेडला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास वाक चालतो. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. आमच्या हेडखाली ०.२५ ची पट्टी आरपार गेली.

चाचांनी बाबांकडे नीट पाहिलं. 'काका, कुठे होता कामाला?'

'मायको.'

'मग मी काय बोलणार!' चाचांनी पोराला हाक मारली. 'काकांना खुर्ची दे. आणि कोरा चहा सांग, बिनसाखरेचा विचार.'

पुढचे पाच आठवडे बाबा रोज सकाळी दहाला डबा घेऊन वडाळा नाक्याला जाऊ लागले. आई म्हणाली, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच तक्रार न करता इस्त्रीचा शर्ट घालतोय हा माणूस. हेड अंबडच्या एका मशीन शॉपमध्ये फेसिंगला गेलं, तेव्हा बाबा रिक्षात ते मांडीवर घेऊन बसले होते. सिलिंडरचे बोअर सुदैवाने वाचले होते. तीन बेअरिंग काळे पडलेले, क्रँक थोडा घासून घ्यावा लागला. रिंगा नव्या, ऑइल पंप नवा, वॉटर पंप नवा, आणि ते साडेतीन इंची प्लास्टिकचं थर्मोस्टॅटचं घरही नवं.

ते घर मिळवायला मात्र अकरा दिवस लागले! नाशिकच्या दुकानांत अस्सल माल नाही, 'मॅडम, तो फक्त कंपनीच्या सेंटरला मिळतो.' या एका वाक्यावर देशात केवढी लढाई झालीय, हे मला तोवर माहीत नव्हतं. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या अस्सल स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २ हजार ५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. पार्ट खुल्या बाजारात द्या, बाहेरच्या गॅरेजला गाडी नेली एवढ्यावरून वॉरंटी नाकारू नका, असंही बजावलं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. एवढं सगळं झालं, आणि २०२५ मध्ये आमचा पार्ट अखेर चाचांच्या भाच्याने ठाण्याहून एसटीच्या पार्सलने पाठवला. त्यावर तेव्हा २८ टक्के जीएसटीही भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्ट्सना १८ टक्के लागतो. आमच्या इंजिनाला थोडी कळ काढता आली असती तर!

साडेतेरा हजारांचा फरक

पत्रव्यवहार मी केला, कारण घरात तेवढंच एक काम मला येतं. सेंटरचं पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं, वाहन वॉरंटीबाहेर असल्याने विनंती मान्य करता येत नाही. मी दुसरं पत्र पाठवलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. जानेवारीच्या बिलाची प्रत, वाळलेल्या ओघळांचे फोटो, व्हिडिओतला तो मिनिट-सेकंद, हेडचं माप आणि एक प्रश्न : एक लिटर कूलंट कमी का झालं याची तपासणी केली होती का, केली असल्यास नोंद द्या. प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. १९१५ वर तक्रार टाकून तिचा क्रमांक पत्राच्या डोक्यावर.

आठ दिवसांनी मॅनेजरचा फोन. आधी त्यांनी पंचवीस हजारांची कूपन्स देऊ केली, त्यांच्याच सेंटरमध्ये वापरायची. मी म्हटलं, सर, हॉटेलात पोट बिघडल्यावर तिथलीच जेवणाची कूपन्स कोण घेतं? तेही हसले. माणूस वाईट नव्हता. पुढे दोन बैठका झाल्या. त्यांनी लाल दिव्याचा मुद्दा काढला, मी तो नाकारला नाही. शेवटी ३२ हजार रुपये खात्यात जमा झाले, सोबतच्या पत्रात 'सदिच्छेपोटी, कोणतीही जबाबदारी मान्य न करता' असं लिहिलेलं. कंपन्या याला 'गुडविल' म्हणतात. ते कुठल्या जाहिरातीत नसतं, मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागताना नियमित सर्व्हिसची बिलं हातात नसतील तर मागून उपयोग नाही. मैत्रीण म्हणाली, आयोगात जाऊया, जास्त मिळेल. मी नको म्हटलं. यावर मित्रांमध्ये अजून वाद होतो. निम्म्यांना मी घाबरट वाटते.

बाबांनी हिशेब वहीत मांडला. एकूण खर्च ९१ हजार ३००. 'अर्धी चूक त्यांची, अर्धी तुझी. त्यांचे झाले पंचेचाळीस हजार साडेसहाशे. बत्तीस मिळाले. साडेतेरा हजार कमी दिले त्यांनी.' मग थोडं थांबून, 'आणि तुझ्या वाट्याचे मी देणार नाही. दर महिन्याला पाच हजार माझ्याकडे आण.' त्यांनी चाचांचं बिल आपल्या एफडीतून भागवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर हळू चालवायचं असतं, रिंगा बसेपर्यंत. चाचांचा हुकूम होता : साठ-सत्तरच्या पुढे नाही, जोरात पिकअप नाही, हजाराला ऑइल बदलायचं. त्यामुळे मे महिन्यातले सगळे रविवार आम्ही सकाळी सहाला त्र्यंबकला जाऊन आलो. बाबा शेजारच्या सीटवर, मांडीवर मॅन्युअल. ॲक्टिव्हावरची कॉलेजची पोरं आम्हाला ओव्हरटेक करून मागे वळून बघायची. परतताना मिसळ, आणि हॉटेलबाहेर गाडी बंद करण्याआधी बाबांचं ते जुनं काम, बाजूला उभं राहून आवाज ऐकायचं.

जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. मुंबईला जाताना आता कसारा घाट टाळता येतो. १२० ची स्पीड लिमिट, सरळ बोगदे, चढ जाणवतही नाही. मी बाबांना म्हटलं, चला एकदा, नवा रस्ता बघून येऊ. त्यांनी घड्याळ पाहिलं, किलोमीटरचा आकडा पाहिला.

'अजून एकशे चाळीस राहिलेत. पुढच्या रविवारी त्र्यंबक, मग बघू. आणि बाटली तपासलीस का आज?'

तपासली होती. गुलाबी पाणी बरोबर दोन रेघांच्या मध्ये होतं.